मोठ्या पिकअपचा हौदा

वर्तमानपत्रात दर महिन्याला वाहनविक्रीची बातमी मी लिहितो. म्हणून मोठा, दोन रांगांच्या सीटचा पिकअप घेण्यापूर्वी मेव्हण्याने माझं मत विचारलं. त्याची रोपवाटिका आहे. कुंड्या आणि माती न्यावी लागते. मी सांगितलं, खप छोट्या पिकअपचा आहे, ओझंही तोच जास्त नेतो आणि या किमतीत तसे तीन येतात.

"दाजी, त्यातनं लग्नाला जायचं का?" असं म्हणून त्याने मोठाच घेतला.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही बुधवार पेठेतली भाड्याची जागा सोडली. संध्याकाळी सहापर्यंत किल्ली द्यायची होती आणि आईचं सागवानी कपाट येरवड्याच्या नव्या घरी न्यायचं राहिलं होतं. मेव्हणा गाडी आणतो म्हणाला, म्हणून मी टेम्पो ठरवला नाही. तो पाच वाजता आला. हौद्यावर पक्कं झाकण बसवलेलं होतं.

"हे काढ."

"ते शोरूममधी काढून घ्यावं लागतं. आन् हौद्याला चरे पडले तर?"

"मग आलास कशाला?"

"आईंना न्यायला. एसी हाय."

मंडईत माल उतरवून परतणारा एक छोटा पिकअप मी हात करून थांबवला. चालकाने मोठ्या गाडीकडे पाहून विचारलं, "ही बंद पडली का?"

"नाही. नवी आहे."

सहाला पाच मिनिटं असताना मी घरमालकांना किल्ली दिली आणि कपाट धरून छोट्या हौद्यात उभा राहिलो. आई एसीत बसली. बंडगार्डनच्या पुलावर मागच्या गाडीतून मेव्हण्याचा फोन आला.

"दाजी, कपाट हलतंय. नीट धरा."