सरांच्या नावावरचे वाक्य

मेश्राम सरांची आणि माझी पहिली भेट सावलीच्या शाळेत, शनिवारच्या शेवटच्या तासाला झाली. मी बल्लारपूरहून तात्पुरत्या नेमणुकीवर इंग्रजी शिकवायला आले होते. मुख्याध्यापक म्हणाले, "आधी सरांचा तास बघा."

त्या तासाला मुलांनी घरचा एखादा प्रसंग सांगायचा आणि वर्गाने त्याला बसणारा इंग्रजी वाक्प्रचार शोधायचा, अशी सरांची रीत होती. एक मुलगी उठली. शेजाऱ्याच्या म्हशीने त्यांचे धानाचे पऱ्हे, म्हणजे रोवणीसाठीची कोवळी रोपे, खाल्ले आणि वर शेजारीच भांडायला आला. "चोराच्या उलट्या बोंबा!" वर्ग ओरडला. मी मागच्या बाकावरून उत्साहाने म्हणाले, "पॉट कॉलिंग द केटल ब्लॅक." सर हसले. "पण बाई, त्या म्हणीत भांडंबी काळं अन् केटलीबी काळी. हिच्या बापानं काय केलं? त्याची केटली तं साफ आहे." फळ्यावरची जागा त्यांनी सोमवारपर्यंत रिकामी ठेवली. सोमवारीही काही सापडले नाही, तेव्हा त्यांनी वर्गाला तसेच सांगून टाकले.

"अर्थ गाइडात भेटते," ते म्हणत. "कोणाले म्हनाचं, ते गाइडात नाई भेटत." हे मी तेव्हाच मनावर घेतले असते तर आज असे लिहायची पाळी आली नसती.

सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला सरांच्या त्या प्रसिद्ध चुकीवर हलकाफुलका लेख मागितला. ती गंमत ऐकून आणि तिला हसून मी थकले आहे. सात वर्षे झाली. आता काय झाले ते सांगते.

शिक्षण खात्यातले एक साहेब निवृत्त होणार होते. निरोपासाठी इंग्रजीत मानपत्र करायचे ठरले. सरांनी मजकूर लिहून दिला आणि स्वच्छ प्रत काढायला माझ्याकडे सोपवला. मला तो फार साधा वाटला. माझ्या कायम नेमणुकीची फाइल याच साहेबांच्या टेबलावर पडलेली. म्हटले, जरा छाप पडेल असे काही घालू. गाइडात 'निवृत्त करणे' याला 'पुट आउट टू पाश्चर' दिले होते. दिले ठोकून. म्हातारा बैल कामाचा उरला नाही की त्याला चरायला सोडून देतात, त्यावरून तो वाक्प्रचार आला, हे मला कुठे ठाऊक! साहेबांना ठाऊक होते.

भर समारंभात ते वाक्य वाचले गेले आणि त्यांचा चेहरा लाल झाला. "हे कोणी लिहिलं?" आमच्या घरात मिळवती मी एकटीच. तेवढ्यात सर उभे राहिले. "मीच लिवलं, साहेब. चुकलं."

महिन्याभरात माझा कायम नेमणुकीचा आदेश आला. सरांची मुख्याध्यापकपदाची शिफारस मागे घेतली गेली आणि पुढे काही वर्षांनी ते सहायक शिक्षक म्हणूनच निवृत्त झाले. गावात त्यांना 'बैलवाले सर' म्हणू लागले. मी रडत गेले तर म्हणाले, "जाऊ द्या बाई. मायी नोकरी तं आहे. तुमची गेली असती." मी गप्प बसले. मग गप्प बसायचीच सवय लागली. शिक्षकांच्या खोलीत ती गंमत निघाली की मीही हसायची. लाज वाटते हो, पण हसायची.

गेल्या रविवारी सरांच्या घरी जाऊन सांगितले, मी हे छापायला देणार आहे. "कशाले उकरता बाई? झालं गेलं वैनगंगेले भेटलं," ते म्हणाले. त्यांच्या पत्नी चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळे ऐकले होते.

"म्हंजे ते तुमी लिवलंच नाई?"

सरांनी चहा घ्यायला हात पुढे केला.

"अन् मी तुमाले सात वर्षं बोलून राह्यली, का तुमच्या शानपनानं हेडमास्तरकी गेली." चहा हातात तसाच धरून त्या खाली बसल्या.

घरात तरी सरांनी खरे सांगितले असेल, असे मी इतकी वर्षे धरून चालले होते. त्यांनी तेवढेही केले नव्हते.

माझ्यामुळे गेलेले पद मला परत देता येत नाही. सर, तुम्ही साठ वर्षांचे झालात. खूप जगा, धडधाकट जगा. आणि इथून पुढे जेवायला बसल्यावर तुम्हाला घरात कोणी काही बोलू नये.