आम्ही बाजार सोडला ते वर्ष

ब्रिटन युरोपच्या बाजारातून बाहेर पडणार म्हणून टीव्हीवर रोज आरडाओरडा चालायचा, त्याच सुमाराला आमच्या गावानंही बाजार सोडला. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नव्हता. तो मी जोडला. बीडच्या कॉलेजातून अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झालो होतो, नुकताच ग्रामपंचायतीवर निवडून आलो होतो, आणि त्या वयात मला कशाचाही कशाशीही संबंध जोडता यायचा.

तसा बाजार आमचा नव्हताच. तो हायवेवरच्या मोठ्या गावात दर मंगळवारी भरायचा, आसपासच्या दहा-बारा गावांचा मिळून. आमची वस्ती शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्यांची. शेळी विकायची तर तिथंच. परळीकडचे व्यापारी टेम्पो घेऊन यायचे. लिंबाखाली शेळ्यांची रांग लागायची. दलाल आणि व्यापारी उपरण्याखाली हात घालून बोटांनी भाव करायचे आणि तोंडानं मात्र पावसापाण्याचं बोलत राहायचे. आजही तो बाजार आठवला की आधी वास येतो, शेळ्यांचा, ओल्या कोथिंबिरीचा आणि गोडीशेवेच्या गुळाचा. त्या वासासाठी मी आज पायी जाईन.

त्या रांगेत माझी आई बसायची आणि तिच्या शेजारी मावशी. मावशी दिलेली मोठ्या गावाच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला, म्हणजे बाजार दोघींच्या बरोबर मधे. बाईमाणसानं परक्याच्या उपरण्याखाली हात कसा घालायचा, म्हणून या दोघींनी आपली सोय केली होती. पदराखाली एकमेकींच्या बोटांनी भाव ठरवायच्या आणि मग दोघी मिळून एकच आकडा सांगायच्या. व्यापारी लई वैतागायचे. शेळ्या विकून झाल्या तरी दोघींचे हात पदराखालीच असायचे. तेव्हा तिथं कसला सौदा चालायचा ते त्यांनाच ठाऊक. आईची बाजरीची भाकरी मावशी खायची, मावशीची ज्वारीची आई. संध्याकाळी आई घरी आली की तिचा चेहरा धुतल्यासारखा दिसायचा.

मग एकमेकींच्या घरी का जात नव्हत्या, असं आता कुणी विचारतं. बहिणीच्या घरी जायला कारण लागतं. बारसं लागतं, लग्न लागतं, नाहीतर मयत. शेळ्या कुणाच्या जिवावर टाकायच्या, सासरचे काय म्हणतील, सतरा भानगडी. बाजाराला जायला कारण लागत नाही. आणि फोनचं म्हणाल तर मी आईला घेऊन दिला होता. ती दोन वाक्यं बोलायची आणि परत द्यायची. म्हणायची, तोंड दिसत न्हाई, काय बोलावं.

हे सगळं डोळ्यांसमोर असून मला दिसली ती फक्त तहबाजारी, म्हणजे बाजारात बसायचा कर. शेळ्या आमच्या, घाम आमचा, आणि कर त्या गावच्या पंचायतीला. त्यातून आमच्या माणसांना ना सावली, ना प्यायला पाणी. तक्रार खोटी नव्हती, हे मी आजही म्हणेन. त्यावरचं औषध तेवढं मी काढलं: तो बाजार सोडायचा आणि आपलाच बाजार मारुतीच्या पारापुढं भरवायचा.

ग्रामसभेत मी अर्धा तास बोललो. एवढा मोठा देश आपला बाजार सोडू शकतो, तर आपण कावून न्हाई, असा सवाल केला. मागं बसलेल्या एका म्हाताऱ्यानं शांतपणे विचारलं, "त्यायचा बाजार कोनत्या वारी भरतो?" सभा हसली. मला राग आला. म्हाताऱ्याला म्हणायचं होतं ते इतकंच, की व्यापाऱ्यांचा आठवडा ठरलेला असतो. सोमवारी इथं, मंगळवारी तिथं. आपण वार तरी दुसरा धरावा. पण आम्हाला वार मंगळवारच हवा होता, कारण त्या गावाचा बाजार मोडायचा होता. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन म्हणतात तो हाच. सरपंचांचं किराणा दुकान मारुतीच्या पारासमोरच होतं, त्यांनी 'गाव करी ते राव काय करी' म्हणून टाळ्या घेतल्या. ठरावाला हात वर झाले. आईनंही केला. मी तिच्याकडं बघत होतो, ती माझ्याकडं बघत नव्हती.

पहिल्या मंगळवारी हलगी वाजली, गुलाल उधळला, सरपंचांनी फीत कापली. दुसऱ्या मंगळवारी एकच टेम्पो आला. गिऱ्हाईक एकच असलं की भाव कोण ठरवतो, हे मी कॉलेजात पान भरून लिहिलं होतं. आता समोर बघत होतो. तो व्यापारी रांगेवरून निवांत चालायचा, शेळीच्या पाठीवर थाप मारायचा आणि काही न बोलता पुढं जायचा. उपरण्याची गरजच उरली नव्हती. भाजीवाले तिकडचा उरलेला माल दुपारनंतर इकडं आणायचे. महिन्याभरात आमची माणसं गुपचूप फाट्यावरून जीप पकडून जुन्या बाजाराला जाऊ लागली. तेव्हा आम्ही नियम केला. जो मंगळवारी तिकडं जाईल, त्यानं मारुतीला पाच नारळ द्यायचे आणि पारावर सगळ्यांसमोर चूक कबूल करायची. नियमाचा मसुदा माझ्या अक्षरात आहे.

थंडी सरता सरता एका बुधवारी सकाळी मला पारावर बोलावणं आलं. सरपंच, चार सदस्य, पन्नासेक माणसं. मधे आई उभी, हातात पिशवी. आदल्या दिवशी ती फाट्यावर जीपमधून उतरताना सापडली होती. एका सदस्यानं विचारलं, काय विकलं, काय घेतलं. आई म्हणाली, "बाजार केला न्हाई म्या. बहिनीला भेटाया गेलते." सदस्य म्हणाला, नियम तो नियम, आणि सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मला तिला घरी पाठवता आलं असतं. मी खाली मान घालून म्हणालो, नियम आहे.

आईनं पिशवीतून एकेक नारळ काढून पायरीवर मांडले. पाच झाले. मग आणखी पाच काढले.

"हे कालचे," ती म्हणाली. "अन् हे फुडच्या मंगळवारचे."

पार हसून लोळला. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण त्यानंतरच्या मंगळवारी ती खरंच गेली, आणि तिच्यामागं वस्तीतल्या सात-आठ बायका आधीच नारळ ठेवून गेल्या. दोन आठवड्यांत पायरीवर एवढे नारळ साचले की गुरवानं हात जोडले आणि म्हणाला, आता देवाला पुरे करा. आमचा बाजार कोणत्या दिवशी बंद पडला हे कुणालाच सांगता येणार नाही. एका मंगळवारी भरला नाही, एवढंच.

परत गेलो तेव्हा लिंबाखालची जागा गेली होती. डोंगराकडच्या गावांनी धरली होती. आम्हाला नाल्याच्या कडेला, उन्हात बसवलं. तहबाजारीही वाढली होती. तक्रार कोणत्या तोंडानं करायची? कुणी हाकललं नव्हतं, आपल्या पायानं गेलतो. सरपंचांनी आयुष्यात शेळी पाळली नव्हती, ते मात्र 'गावाच्या स्वाभिमानाचा नेता' म्हणून पंचायत समितीवर निवडून गेले. पुढच्या निवडणुकीत मला माझ्याच गल्लीनं पाडलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही असं म्हणणं खोटं होईल. फार वाटलं. वर्षभर कुणाशी नीट बोललो नाही.

मावशी गेली ती त्याच्या आधीच, जुना बाजार परत धरला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. तेराव्याहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आई अंगणात शेळी पिळत होती आणि मी शेळीचं तोंड धरून बसलो होतो. तिला बरं वाटावं म्हणून मी म्हणालो, शेवटच्या वर्षात तरी तुमची दर आठवड्याला भेट झाली. तिनं मान वर केली नाही.

"चवदा मंगळवार न्हाई झाली," ती म्हणाली. "मोजलेत म्या. पंधराव्याला गेले तवा सांगितलं तिनं, छातीत गाठ हाय म्हनून. तीन महिने झालते. घरात कुनाला बोलली नव्हती. मलाच सांगायचं म्हनून थांबली व्हती. फुडच्या मंगळवारी मी तिला बीडला नेलं. डॉक्टर म्हनला, आधी आनायला पायजे व्हती."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो, ते मला जमतं. मी शेळीचं तोंड धरून बसून राहिलो. दूध काढून झालं, तिनं भांडं उचललं आणि आत जाता जाता मला म्हणाली, सोड आता तिला.