सेवा उत्तम

"तेव्हा नाही वाटली लाज? आता कशाला बोंबलतेस!" असं म्हणत सिस्टरनं माझ्या मांडीवर सणसणीत चापट मारली. प्रसूतिगृहाच्या टेबलावर मी कळा देत होते. वय एकोणीस. आणि मी काय म्हणाले? "सॉरी सिस्टर." मार मी खातेय, माफीही मीच मागतेय. एवढी शहाणी!

घरी सोडताना तिनं वही पुढे केली. "लिही, सेवा उत्तम."

लिहिलं. सातवी पास ना मी, अक्षर मिरवायला नको? मांडीवर बोटं निळी उठलेली, आणि बाईसाहेबांनी 'उत्तम'खाली रेघसुद्धा ओढली.

आता नातीला आठवा महिना. दिंडोशीच्या आमच्या वस्तीतल्या सगळ्याजणी त्याच प्रसूतिगृहात जातात. तिचंही नाव तिथेच घातलंय.

वस्तीतल्या बायकांनी हल्ली एक पद्धत काढलीय. बाळंतीण घरी आली की तिच्या उशाशी बसून विचारायचं, लिहून घ्यायचं आणि महिन्याच्या सभेत प्रसूतिगृहाच्या डॉक्टरांसमोर मोठ्यानं वाचायचं. यावेळी वाचायला कुणी धजेना. म्हणाल्या, "आजी, तुमची जीभ चालते. तुम्हीच वाचा."

बालवाडीत सभा. समोर डॉक्टरीणबाई, शेजारी हल्लीची मोठी सिस्टर. जीभ टाळूला चिकटली. नात कानाशी आली, "आजी, नको ना गं. मला तिथेच जायचंय. माझ्यावर राग काढतील."

खरंच होतं तिचं. तरी कागद उघडला. वाचलं. कळा देताना कुणाला मारलं. कुणाला फरशीवर बसवून ठेवलं.

सिस्टर म्हणाली, "आमची वही बघा. सगळ्यांनी सेवा उत्तम लिहिलंय."

"मीपण लिहिलंय, बाई," मी म्हटलं. "मार खाऊन. खाली रेघ ओढून."

डॉक्टरीणबाईंनी आमचा कागद मागून घेतला. त्यावरच लिहिलं, यापुढे कळांच्या वेळी घरची एक बाई सोबत राहील. खाली सही केली.

सिस्टरनं मात्र नातीच्या पोटाकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. दिवस भरत आलेत.

आत मीच जाणार. सहीचा कागद पदराला बांधून. घाबरतच जाणार. कुणी हात उचलला तर आधी तिचं नाव विचारीन, तिच्यासमोरच लिहून घेईन आणि सभेत वाचीन.

त्या वहीत आमच्या घरचं एक खोटं आहे. दुसरं जाणार नाही.