पंप तुमचेच होते

दीनानाथ गावंडे मूळचे अकोल्याचे. चालत्या पंपावर तळहात ठेवून आत कुठलं बेअरिंग खातंय ते सांगणारे इंजिनियर. ऐंशीच्या आधीची चार वर्षं ते इराकात होते. एका गावाला पिण्याचं पाणी देणारा प्लांट त्यांनी तिथं उभा केला. मग कॅनडा. तिथल्या केंब्रिज गावच्या मोटारींच्या कारखान्यातही पंपच सांभाळले आणि रिटायर झाले.

त्यांची एक खोड होती. सरकारी माणूस दिसला की फाइल काढायची. तरुणपणी एका कागदावाचून नागपूरच्या कॉलेजची सीट गेली होती, तेव्हापासून मॅट्रिकच्या मार्कशीटपासून सगळी ओरिजिनल सर्टिफिकिटं त्यांच्या एका निळ्या फायलीत असायची, आणि फाइल त्यांच्या काखेत. ग्रोसरीला जातानाही घेऊन जातील हा माणूस, असं बायको अरुणा म्हणायची.

मार्च २००३. धाकटी बहीण सुनंदा सरहद्दीच्या नदीपलीकडे, अमेरिकेतल्या बफेलोत राहायची. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. तिच्या हृदयाची झडप बदलायची होती, सोमवारी दुपारी दोनला. आई गेल्यावर दादानंच तिला वाढवलेलं. फोनवर तिनं एकच सांगितलं होतं, "दादा, आत न्यायच्या आधी तू दिसला पाह्यजे."

सकाळी सहाला दोघं निघाली. मोतीबिंदूमुळं गावंड्यांनी ड्रायव्हिंग सोडलं होतं, गाडी अरुणा चालवायची. इराकवर बॉम्ब पडायला लागून पाचवा दिवस होता. रेडिओ तेच सांगत होता, शिवाय इराकनं विषारी वायू लपवलाय म्हणून, आणि गावंडे दर बातमीला "अरे बाप्पा" म्हणत होते.

पुलावरच्या चौकीत एक पोरसवदा अधिकारी होता. फार अदबीचा. कुठं? बफेलो. कशाला? बहिणीचं ऑपरेशन. झालं. त्यानं पासपोर्ट परत द्यायला हात पुढं केला, तेवढ्यात गावंडे अरुणाच्या पुढून वाकले आणि फाइल खिडकीत धरली.

"अहो, मागितलीय का त्यानं?" अरुणा दातओठ खात म्हणाली.

"असू दे वो. माणूस कोण आहे ते त्याले समजू दे."

अधिकाऱ्यानं पानं उलटली. मार्कशीट, डिग्री, कारखान्याचं पत्र. आणि मग इराकच्या मंत्रालयाचं प्रशस्तिपत्र : वर सोनेरी शिक्का, त्याखाली मिशाळ हुकूमशहाचा फोटो, खाली सगळं अरबी.

"सर, गाडी जरा बाजूला घेता का?"

आतल्या खोलीत तीन तास गेले. इराकात काय करत होतात? पाणी शुद्ध करायचा प्लांट. क्लोरीन वापरायचात? "मग? त्याच्याशिवाय पाणी शुद्ध होईल कसं?" अधिकाऱ्यानं ते लिहून घेतलं. किती टन, कोण आणायचं, कुठं ठेवायचात, तेही. गावंड्यांना अजून आकडे पाठ होते. त्यांनी ते उत्साहानं सांगितले.

"आता तो प्लांट कुठं आहे?"

"एक्क्याण्णव साली तुम्ही बॉम्ब टाकला ना त्याच्यावर. पंप तुमचेच होते, ओहायोचे. फार चांगले पंप."

"त्याचा राग आहे का तुम्हाला, सर?"

टेबलाखाली अरुणानं चिमटा काढला. पण विचारलं तर खरं सांगायचं, एवढंच त्यांना येत होतं. "राग येणारच ना! इतक्या चांगल्या पंपाचं असं कोणी करते का?"

पासपोर्टवर शिक्का पडला. प्रवेश नाही. बाईंना मात्र जाता येईल, सर, असं तो तितक्याच अदबीनं म्हणाला.

अरुणानं त्यांना मागं आणलं, पुलाच्या अलीकडच्या डोनटच्या दुकानात बसवलं आणि एकटी पलीकडे गेली. दुकानातल्या टीव्हीवर जळणारी शहरं दाखवत होते. शेजारच्या टेबलावरचा गोरा म्हातारा म्हणाला, "या वेळी आपण अमेरिकेबरोबर लढाईत गेलो नाही, बरं झालं."

"मला जायचं होतं," गावंडे म्हणाले. म्हाताऱ्यानं कप उचलला आणि तो दुसऱ्या टेबलावर जाऊन बसला.

पावणेदोनला त्यांनी पे-फोनवरून अरुणाच्या मोबाइलवर फोन लावला. तिनं तो सुनंदाच्या कानाला लावला.

"दादा, कुठं आहेस?"

"पुलाच्या अलीकडं. तुमच्या गावच्या इमारती दिसून राह्यल्या इथून."

"मग ये ना."

"येऊ नाई देऊन राह्यले."

"फाइल काढली ना तू?"

"काढली."

"कोणं मागितली होती?"

"कोणंच नाई."

ती हसली, आणि हसता हसता खोकली. मग म्हणाली, "मले भेव लागून राह्यलं, दादा."

"कायचं भेव? झडप बदलणं म्हंजे काई मोठं काम नाई. म्या हजार बदलल्या."

"त्या लोखंडाच्या, दादा."

तिकडून नर्सचा आवाज आला, मग अरुणाचा, "नेलं हो तिला."

सुनंदा टेबलावरून परत आली, पण शुद्धीवर आली नाही. तिसऱ्या दिवशी गेली. तिकडच्या विद्युतदाहिनीचं बटण अरुणानं दाबलं.

गावंड्यांनी पलीकडच्या सरकारला पत्रं लिहिली. एकाच मजकुराची, सुवाच्य अक्षरात, नऊ पत्रं. अकरा महिन्यांनी उत्तर आलं : आपल्या प्रकरणाचा फेरविचार करता येईल, सोबतचा फॉर्म भरून पाठवा.

किचनच्या टेबलावर त्यांनी तो भरायला घेतला. नाव, जन्मगाव, वडिलांचं नाव. चौथ्या रकान्याशी पेन थांबलं.

"अरुणा, भेटीचं कारण विचारून राह्यले. काय लिहू?"

ती कणीक मळत होती. हात तसेच पिठाचे ठेवून जवळ आली, रकाना वाचला आणि परत परातीकडे गेली.

त्यांनी बाकीचा फॉर्म भरला, सही केली आणि पोस्टात टाकला. सहा आठवड्यांनी तो परत आला. वर छापील चिठ्ठी होती : अर्ज अपूर्ण.