दाताची डबी

घर सोडून छोट्या कॉन्डोत शिफ्ट व्हायचं म्हणून बेसमेंट आवरताना दाताच्या आकाराची निळी प्लॅस्टिकची डबी हाती लागली. हलवली, तर आत काहीतरी खुळखुळलं, आणि मी वीस वर्षं मागे, कॅनडातल्या ब्रॅम्पटनला, लेकीच्या शाळेच्या दारात जाऊन उभी राहिले.

बाहेर बर्फ, आत ओल्या लोकरी हातमोज्यांचा वास. माझी सात वर्षांची ईरा प्रिन्सिपल बाईंचा हात धरून आली. ओठाला रक्त आणि चेहरा हसरा. दुसऱ्या हातात, पडलेला दात घरी न्यायला शाळेनं दिलेली ही डबी. आठवडाभर तो दात हलत होता, पण मला तिनं तोंड उघडून दाखवलं नव्हतं. आधीचा दात मीच काढला होता, "फक्त बघते गं" म्हणत, एका झटक्यात. माझी ही हुशारी मी पुण्याला फोन करकरून सांगितली होती.

"तिनंच काढला हं. मी नुसती शेजारी बसले होते," बाई त्यांच्या इंग्रजीत म्हणाल्या. "डबी आधी तुम्हालाच दाखवायची, असं ठरलंय आमचं."

आमचं! तो शब्द मला असा झोंबला! तोंडदेखलं थँक यू म्हणून मी ईराला गाडीत बसवलं. सीटबेल्ट लावताना राहवलं नाही.

"त्यांना बरा दाखवलास दात. मला का नाही?"

"बिकॉज शी सेड, ओन्ली लुकिंग," ईरा डबी खुळखुळवत म्हणाली. "अँड शी ओन्ली लुक्ड."

त्या बाईंचा हेवा मला अजून वाटतो.

आज मी डबी उघडली नाही. फक्त बघितली, आणि ईराच्या खोक्यात ठेवून दिली.