गुंड्याचं वजन

इस्पितळाच्या धुलाईखात्यात तिला सगळे चादरवाली म्हणत. ओली चादर दोन टोकांना धरून इस्त्रीयंत्राच्या गरम रुळाच्या तोंडी द्यायची, हे तिचं काम. पलीकडून जोडीदारीण ती वाफाळलेली चादर झेलायची. चादर तिरकी गेली की रूळ तिची चुणी पक्की करून टाकतो, म्हणून नजर इकडची तिकडे करायची सोय नव्हती. या नजरेचा तिला जरा तोराच होता. माझ्यापासून काही लपत नाही, असं ती उठता-बसता सांगायची आणि घरच्यांनीही ते कधीचं मान्य करून टाकलं होतं.

घरात आता माणसं दोनच उरली होती, ती आणि तिचा नवरा. तो एका छापखान्यात पुस्तकबांधणीच्या खात्यात होता. मुलगी शिकायला दुसऱ्या शहरात गेली आणि जाताना आपला गिनीपिग आईच्या गळ्यात मारून गेली. तपकिरी-पांढरा, काळ्याभोर डोळ्यांचा, नाव गुंड्या. दर रविवारी त्याचं वजन करायचं, असं तिने बजावून ठेवलं होतं. हे प्राणी आजारी पडले तरी ताकास तूर लागू देत नाहीत, वजन हललं तरच कळतं, असं तिचं म्हणणं. म्हणून आई रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर पातेलं ठेवायची, पातेल्यात गुंड्याला बसवायची आणि आकडा फोनवर सांगायची.

पोरगी वाढवून झाली, आता उंदीर वाढवा, असं ती सुरुवातीला कुरकुरली. पण संध्याकाळी कुलपात किल्ली फिरली की तो पिंजऱ्याच्या गजांना धरून उभा राहायचा आणि बारीक शिट्ट्या मारायचा. इतक्या कौतुकाने घरात कुणी तिची वाट पाहिल्याला बरीच वर्षं झाली होती. काकडी चिरता चिरता ती त्याला दिवसभराच्या कागाळ्या सांगू लागली.

मग वजन वाढायला लागलं. खाणं तेच, मूठभर पाला आणि सुकं गवत. पण काटा दर रविवारी पुढे. शिट्ट्याही थांबल्या. ती दारातून आत यायची तेव्हा हे महाशय कोपऱ्यात पोट पसरून झोपलेले. एक डोळा उघडायचे आणि मिटायचे. नवरा नुसता खाकरला तरी मात्र टुणकन उठून गजांपाशी जायचे. खाऊ घालते मी आणि लाडका हा, असं तिला वाटलं आणि ते मनाला जरा लागलंच. नवऱ्याला विचारलं तर तो वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला, वय झालं असेल.

शेवटी तिने त्याला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी दात पाहिले, पोट चाचपलं आणि सांगितलं की आजारबिजार काही नाही, याला कुणीतरी दिवसभर भरवतंय. दिवसा घरात कुणीच नसतं, असं ती म्हणाली. मग हा स्वतःच फ्रिज उघडत असेल, असं म्हणून बाई हसल्या आणि त्यांनी पाला निम्मा करायला सांगितला.

हा किस्सा तिने रात्री जेवताना हसत हसत सांगितला. नवऱ्याचा घास हातातच राहिला. मग तो म्हणाला, "बरं. कमी कर मग."

त्यानंतर वजन जे घसरायला लागलं ते थांबेना. तिने पाला पुन्हा पूर्ववत केला, तरी फरक नाही. गुंड्या गज कुरतडू लागला, हात लावला की केस हातात येऊ लागले. उरलेला वेळ दाराकडे तोंड करून बसायचा. शेजारच्या आजी म्हणाल्या, मध्ये चांगला गप्प असायचा, आता दुपारभर शिट्ट्या मारून जीव खातो. मुलगी फोनवर रडली आणि तू त्याच्याकडे लक्षच देत नाहीस, असं बोलून गेली. लक्ष देत नाहीस, हे आजवर तिला कुणी म्हटलं नव्हतं.

एका सकाळी त्याने गवतालाही तोंड लावलं नाही. अंग फुगवून, पाठीची कमान करून बसून राहिला. तिला सुट्टी मिळेना. धुलाईखात्यात पोचल्यावरही तिचं मन लागेना, तेव्हा नवऱ्यानेच त्याला दवाखान्यात न्यावं म्हणून तिने फोन लावला. त्याचा मोबाईल बंद होता. कामावर चालू ठेवायची परवानगी नाही, असं त्याने मागेच सांगितलं होतं. मग तिने थेट छापखान्यात फोन केला आणि बांधणीखात्यातून त्याला बोलावता का, असं विचारलं.

पलीकडचा माणूस म्हणाला, "बाई, बांधणीखातं उन्हाळ्यातच बंद झालं. सगळ्यांना घरी पाठवलं. तुम्हाला माहीत नाही?"

"माहीत आहे," ती म्हणाली. "सवयीने इकडे लावला."

फोन ठेवल्यावर तिला कळलं की आपण न अडखळता त्याच्यासाठी खोटं बोललो. दुपारी तिने कसंबसं लवकर निघायचं जमवलं आणि गुंड्याला टोपलीत घालून दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा सगळं तपासलं. रोग सापडला नाही. सोबतीची सवय लागली असेल आणि ती अचानक तुटली असेल, तर हे प्राणी कधी कधी खाणं टाकतात, असं त्या म्हणाल्या. पण हेच कारण, असं छातीठोक सांगता येत नाही. त्याला त्यांनी पिचकारीने भरवायला ठेवून घेतलं.

नवरा रोजच्या वेळेला, रोजच्यासारखाच खांद्याला पिशवी लावून आला. पिंजरा रिकामा पाहून दारातच थबकला.

"गुंड्या कुठे आहे?"

"दवाखान्यात. तुम्ही डबा कुठे खाल्लात?"

त्याला कळलं. पिशवी खाली ठेवून तो खुर्चीच्या कडेवर बसला. "बागेत," तो म्हणाला. "आधी इथेच खायचो."

मग त्याने सगळं सांगितलं. काढून टाकताना मिळालेल्या पैशांतूनच तो दर महिन्याला पगार म्हणून घरात देत होता. सकाळी निघायचा, कोपऱ्यावर उभा राहून तिची बस जाऊ द्यायचा आणि परत घरी यायचा. घर खायला उठायचं. गुंड्याने शिट्टी मारली की त्याला गाजराचा तुकडा द्यायचा. मग खुर्चीच पिंजऱ्यापाशी ओढून घेतली. त्याच्याशी बोलायचा. काय बोलायचा ते त्याने सांगितलं नाही. डॉक्टरीणबाईंचं बोलणं ऐकलं तेव्हा आता आपण पकडले जाणार, असं वाटलं. म्हणून दिवस बागेत आणि वाचनालयात काढायला लागला.

"मला का नाही सांगितलंत?"

तो आपली बोटं चोळू लागला. त्या नखांत वर्षानुवर्षं बांधणीच्या सरसाचा पिवळटपणा असायचा. आज ती स्वच्छ दिसत होती, कधीपासून ते तिला आठवेना.

"तुझ्यापासून काही लपत नाही, असं तूच म्हणतेस," तो म्हणाला. "रोज वाटायचं, आज तुझ्या लक्षात येईल आणि मी सुटेन. आलंच नाही."

हे तिच्या वर्मी बसलं. उंदराएवढ्या जनावराचं वजन आपण दर रविवारी केलं आणि हे माणूस समोर बसून जेवत होतं. पण रागही तितकाच होता. बायको जिवंत असताना याने गिनीपिगापाशी मन मोकळं केलं.

गुंड्या घरी आला तो नुसता हाडांचा सापळा. दिवसा नवरा त्याला मांडीवर घेऊन पातळ केलेलं खाणं पिचकारीने भरवतो. वजन थोडं वर येतं, मग एखाद्या आठवड्यात पुन्हा उतरतं. आधी झिजलेलं शरीर किती भरून येईल, याची खात्री डॉक्टरीणबाई देत नाहीत. झेरॉक्सच्या एका दुकानात वह्या-अहवाल बांधायच्या कामासाठी नवरा विचारून आला आहे. कळवतो, म्हणाले.

मुलीने फोनवर विचारलं, नक्की झालं तरी काय होतं त्याला? आईने सांगितलं, डॉक्टरांनाही कळलं नाही. समोर बसलेल्या नवऱ्याने मान खाली घातली. आता गुपित दोघांचं झालं होतं, पण त्याने ती दोघं जवळ आली, असं काही झालं नाही.

आताशा तो म्हणतो, दूध आणून ठेवलंय. ती बरं म्हणते आणि तो आत गेला की फ्रिज उघडून पाहते. दूध तिथे असतंच. आपलीच लाज वाटून ती दार हळूच लावते, त्याला आवाज जाऊ नये म्हणून.