काचेपलीकडचे ओठ

परळच्या एका गिरणीत मी मॅनेजर होतो. शेठ, युनियन, सरकारी कचेरी, कापसाचे दलाल, सगळ्यांशी माझं गोडीचं. माणसं सांभाळण्यात माझा हात कोणी धरणार नाही, असं म्हणत. ते कसं जमे, हे मी कधी बोललो नाही. आज सांगतो.

तरुणपणी मी मागखात्यात काम शिकत होतो. मागांच्या खडखडाटात तिथं आवाजाचा उपयोग नसे. विणकर नुसते ओठ हलवत, समोरचा ते वाचत असे. मान खाली घातली की बोलणं संपलं. हे मला एका मालवणी विणकराने शिकवलं. उन्हाच्या तिरिपेत कापसाची पिंज हळूहळू खाली उतरत असे आणि तिच्यातून त्याचे ओठ मला पोरासारखं विचारत, "जेवलंस काय, झिला?" पुष्कळदा वाटतं, तेवढंच खरं होतं, बाकीचं मी झोपेत पाहिलं.

पुढे मी मॅनेजर झालो. संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ झाला त्या दिवशी अख्खं मागखातं घरी राहिलं. दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना फाटकावर अडवलं. आठवडाभर गिरणी मुकी. मागांवर पिंजेची साय धरली.

मग एका सकाळी शेठ म्हणाले, "तुमालापण पायजे ना मुंबई?"

"मला माग चालू पायजेत," मी म्हणालो.

ते हसले. "मग ताणू नका. सगळ्यांना कामावर घेऊन टाका."

दुपारी कामगारांतर्फे तिघे माझ्या काचेच्या केबिनमध्ये आले. पुढे तोच विणकर, आता केस पिकलेला. मला 'सायब' म्हणाला. त्यांच्यातला तरणा म्हणाला, "सायब, चाय तरी गरम मागवा. बोलणी काय, थंडच व्हायची."

शेठचा होकार मी लगेच सांगितला नाही. सवयच तशी. आपण देण्याआधी समोरचा किती सोडतो ते बघायचं. "बाहेर जाऊन विचार करून या," म्हणालो.

ते गॅलरीत गेले. आत ऐकू जाऊ नये म्हणून काचेपलीकडे ओठांनीच बोलू लागले. म्हाताऱ्याचं तोंड माझ्याकडे होतं. मला ते वाचता येतं, हे तो विसरला होता का? की मी वाचणार नाही असं धरून चालला होता?

"सगळ्यांका घेतल्यानी तर माझां एकट्याचां काम गेलां तरी चलात. पण ह्यां अगदी शेवटाक बोलूचां."

ते आत आले. त्यांनी तोंड उघडण्याआधी मी म्हणालो, "उद्यापासून सगळे कामावर. फक्त हे नाहीत." मी म्हाताऱ्याकडे बोट दाखवलं.

शेठपुढे काहीतरी जास्तीचं नेऊन ठेवायचं होतं. कोणी मागितलं नव्हतं.

"असं कसं, सायब?" तरणा उसळला. म्हाताऱ्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, माझ्याकडे पाहिलं. त्याचे ओठ हलले. "बरां शिकलंस, झिला."

ते फक्त मला कळलं. मी मान खाली घातली.

तो कोकणात गावी गेला, असं पुढे कानावर आलं. मी चौकशी केली नाही.

मग मुंबईसह राज्य झालं. गिरगावात आमच्या गॅलरीखालून मिरवणूक गेली. ढोलताशांत घोषणा बुडून गेल्या होत्या, नुसते ओठ दिसत होते. शेवटचा माणूस कोपऱ्यावर वळेपर्यंत मी एकेक तोंड पाहत होतो. या वेळी मान वर होती. तो त्यांत नव्हता.